आत्याकडे ठेवलेले कागद

पहिल्यांदा आत्याकडे गेलो तेव्हा मी मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेऐवजी माझी स्वतःची घेऊन गेलो. घरून निघताना पिशवी तीनदा तपासली होती. बायकोने विचारलं होतं, "बघितलंत ना नीट?" त्यावर मी "लहान आहे का मी?" असंही म्हणालो होतो. आत्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि पडवीत बसलेल्या चार-पाच बापांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "गणित, एकेचाळीस."

तन्वी शेजारीच उभी होती. तिला गणितात अठ्ठ्याण्णव होते. ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मग कागदाकडे, आणि मग तिने ओढणी तोंडात कोंबली.

"गणितात एकेचाळीस, नि दुकान चालवतोस?" आत्या म्हणाली.

"भांड्यांचं आहे," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

"मग चालंल," आत्या म्हणाली, आणि माझा कागद घडी करून परत पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "उद्या पोरीचा आण. आधी कागद दाखव, मग काय व्हायचं ते सांग. असं हाय माझ्याकडं."

हे वाक्य तिने किती पोरांना ऐकवलं असेल याला गणती नाही. 'डॉक्टर व्हायचंय' म्हणत आलेल्याला ऐकवलं, 'काय करू ते कळत नाही' म्हणून रडत आलेलीला ऐकवलं, आणि एका सरपंचालाही ऐकवलं.

तुम्ही महाडच्या बाजारपेठेत एखादा पावसाळा काढला असेल तर आत्या म्हणजे कोण हे सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं तेव्हा ते विचारून शिरत नाही. आमच्या आजोबांनी भांड्यांचा धंदा निवडला तो याच हिशेबाने, की भांडी पाण्यात बुडाली तरी धुऊन विकता येतात. पण कागद धुता येत नाहीत. एका वर्षी पाणी इतकं चढलं की माळ्यावरच्या ट्रंकाही गेल्या. पाणी उतरलं तेव्हा अर्ध्या गावातल्या पोरांचे शाळेचे दाखले, गुणपत्रिका, जातीचे दाखले यांचा लगदा झाला होता.

आत्या तेव्हा एका शाळेत लिपिक होती. पाणी यायच्या आदल्या दिवशी तिने शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे सगळ्या पोरांच्या नावानिशी नोंदी असलेली ती जाडजूड वही, साडीत गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन वरंधच्या रस्त्याला असलेल्या आपल्या घरी नेली होती. कुणी सांगितलं नव्हतं. नंतर हेडमास्तरांनी परवानगी न घेतल्याबद्दल विचारलं म्हणे. त्यावर ती म्हणाली, "नदीनं तरी कुठं घेतली परवानगी?" पुढचे सहा महिने ती त्या रजिस्टरावरून पोरांना दुसरे दाखले लिहून देत बसली. पालक अर्जात लिहून आणायचे, 'माझ्या निष्काळजीपणामुळे दाखला गहाळ झाला.' ती लाल पेनने तो शब्द खोडायची. "पाणी आलं. त्यात तुझी काय निष्काळजी? नीट लिही."

तेव्हापासून रीत पडली. जून लागला की बाजारातली घरं आपापल्या कागदांच्या फायली आत्याच्या घरी नेऊन ठेवू लागली. तिचं घर उंचावर, वरच्या आळीत. ती निवृत्त झाली तरी रीत चालूच राहिली. पुढे पोलादपुराकडचेही लोक येऊ लागले, आणि त्यांची घरं तर डोंगरातच! विचारलं तर म्हणायचे, "आमच्याकडं पाणी नाय येत, पण उंदीर हायत."

एकदा कुणीतरी तिला विचारलं, "आत्या, वर दरड आली तर गो?"

"तर मी जाईन. कागद खणून काढा. भिजण्यापरीस मातीत बरे."

ती माझी आत्या नव्हे, बाजारातल्या कुणाचीच नव्हे. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरी राहायची. भावाची पोरं आत्या म्हणायची म्हणून सगळा तालुका म्हणू लागला. मी सुरुवातीला 'आत्या, तुम्ही' म्हणालो तर तिने हात झटकला. "अहोजाहो नको. मी काय हेडमास्तरीण हाय?"

आता यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. पावसाळा आणि कॉलेजचे प्रवेश एकाच वेळी येतात. म्हणजे ज्या महिन्यात कागद लागतात नेमक्या त्याच महिन्यात आम्ही महाडकर ते घाटाच्या पायथ्याला नेऊन ठेवतो. दुसऱ्या कुठल्या गावाने हा शहाणपणा केला असेल असं वाटत नाही. मग प्रत्येक फॉर्मसाठी वर जायचं, फाईल मागायची, वहीत सही करायची. आत्या फाईल देताना उघडायची, आणि उघडली की वाचायची, आणि वाचलं की बोलायची. "जातीचा दाखला हाय, नॉन-क्रिमिलेअर कुठाय? मागच्या वर्षीचा? तो मेला. नवा काढ, आजच्या आज अर्ज दे." असं करता करता ती नुसती कागद सांभाळणारी राहिली नाही. कुणाला कुठलं कॉलेज, कुठली शाखा, वसतिगृहाचा अर्ज कधी, हे सगळं तिच्या पडवीत ठरू लागलं.

बाप मात्र पडवीतच. आत फक्त मूल. हा तिचा नियम होता. आम्ही बाप बाकावर ओळीने बसायचो, डॉक्टरकडे बसतात तसे, आणि एकमेकांना खोटं सांगायचो. "आमच्या पोराला काय, कुठंही मिळेल." आत ती पोराला काय विचारते याचं आम्हाला भारी कुतूहल. तन्वीने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला कळलं.

ती शेवटी एकच विचारायची. "तू गेलास तर घरात आधी कोण रडंल?"

कारण तिचं म्हणणं असं की प्रवेश कागदावाचून हुकत नाहीत. घरात जो आधी रडणार असतो तोच काहीतरी करून ठेवतो. तारीख विसरतो, आजारी पडतो, मुहूर्त काढतो. म्हणून आधी तो माणूस शोधायचा आणि त्याला काम द्यायचं. नाते गावच्या एका हुशार पोराने सांगितलं, "आजोबा." आत्याने आजोबांना बोलावून पोराच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्सची पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवली. "ही तुमच्याबिगर कुठं जायची नाय." म्हातारा चार महिने ती गळ्यात घालून जेवला. पोरगा मुंबईला शिकायला गेला तेव्हा सगळ्यात जास्त घाई म्हाताऱ्यालाच झाली होती.

"मग तू काय सांगितलंस?" मी तन्वीला विचारलं.

"मी म्हटलं बाबा."

"आणि आई?"

"आई पण रडेल. पण डबा भरता भरता."

बायको कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही, पण हसली.

तन्वीला भूशास्त्र शिकायचं होतं. याला मीच जबाबदार. ती सहा वर्षांची असताना आम्ही सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो होतो. पाय बुडवून बसलेली असताना तिने विचारलं, "बाबा, पाणी गरम कोणी केलं?" मी म्हणालो, "खाली देवाने चूल पेटवलीय." तिने थोडा वेळ पाण्यात बघितलं आणि म्हणाली, "धूर कुठून जातो मग?" तेव्हापासून ती त्या धुरामागे आहे. बारावीच्या वर्षात तिने पुण्याचं एक कॉलेज शोधून काढलं आणि जेवताना त्याबद्दल इतकं बोलायची की आमटी गार व्हायची.

माझं म्हणणं, महाडमध्ये कॉलेज आहे. बी.कॉम. कर. दुकान आहेच. हे मी घरी बोललो नाही, घरी माझं चालत नाही. आत्याच्या पडवीत बोललो.

आत्या दारात आली. सुपारी कातरत होती. म्हणाली, "दुकानाला माणूस हवं तर माणूस ठेव रे. पोर कशाला ठेवतोस?"

बाकावरचे बाप खाली बघायला लागले. मग तिने मला काम दिलं. पुण्याला जायचं, वसतिगृह बघायचं, पाणी किती वाजता येतं, जवळ दवाखाना कुठला, वरंध घाट बंद असला तर ताम्हिणीवरून यायला किती वेळ लागतो, सगळं लिहून आणायचं. मी गेलो. लिहून आणलं. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "अक्षर बरं हाय तुझं." त्या दिवशी मी घरी येताना शीळ घालत होतो असं बायको सांगते.

बारावीला तन्वीला चांगले गुण पडले. जूनमध्ये मी सगळे कागद गोळा केले आणि फाईल घेऊन वर गेलो. आत्याला ताप होता. शाल पांघरून खुर्चीत बसली होती, डोळे लाल. खाली रस्त्यावर परतीची एसटी उभी होती आणि ड्रायव्हर माझ्यासाठी हॉर्न वाजवत होता, कारण कंडक्टर माझ्या ओळखीचा होता.

एरवी आत्या फाईल उघडून एकेक कागद हाताने मोजायची, मगच वहीत त्या कागदापुढे लाल टिक करायची. त्या दिवशी तिने वही मांडीवर घेतली आणि विचारलं, "सगळं हाय ना रे?"

"सगळं आहे," मी म्हणालो.

तिने सात कागदांपुढे सात लाल खुणा केल्या. फाईल उघडली नाही.

जुलैत कॉलेजची पहिली यादी लागली. तन्वीचं नाव होतं. तीन दिवसांत मूळ कागदांसह हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्याला. मी आणि तन्वी आत्याकडे फाईल आणायला गेलो. आत्याने ती उघडली, मोजली, परत मोजली. एल.सी. नव्हती. शाळा सोडल्याचा दाखला. त्याशिवाय कुठलंही कॉलेज दारात उभं करत नाही.

"वहीत बघू," आत्या म्हणाली. वहीत टिक होती.

"मी दिला होता, आत्या," मी म्हणालो.

हे मी खोटं बोललो नव्हतो. मला देवाशपथ तसंच वाटत होतं.

त्या दुपारी आत्याने माळ्यावरच्या सगळ्या फायली खाली काढल्या. साठ-सत्तर घरांच्या. आम्ही तिघं जमिनीवर बसून एकेक उघडत गेलो. तन्वी पानं उलटत होती. मी मध्येच म्हणालो, "आठव ना आत्या, कुठं ठेवलास," आणि माझा आवाज चढला. आत्याने माझ्याकडे बघितलं. तिने हातातली फाईल बंद केली. ती म्हणाली, "टिक माझ्या हातची हाय. म्हंजे माझ्याकडं आला होता. म्हंजे माझ्याकडनंच गेला."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती खाली उतरली. पाऊस असा की छत्री नुसती हातात धरायची. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, काखेत पिशवी, पिशवीत वही. माझ्या दुकानासमोर उभी राहून म्हणाली, "चल गो तन्वी." आधी प्रतिज्ञापत्र, मग तन्वी जिथून बारावी झाली त्या इथल्या कॉलेजचं कार्यालय. तिथे साहेब म्हणाले, दोन-चार दिवस लागतील. आत्या बाकावर बसली. "मी बसते. तुम्ही सही करंपर्यंत बसते." डबाही नव्हता आणलेला. तन्वीच्या अर्जाला तिने स्वतःच्या हातचा एक कागद जोडला. तो मी वाचला. 'सदर दाखला माझ्याकडे सांभाळण्यास दिला होता. माझ्या निष्काळजीपणामुळे तो गहाळ झाला. यात विद्यार्थिनीचा दोष नाही.' खाली सही.

तो शब्द मी वाचला आणि कागद पुढे सरकवला.

चार वाजता दुसरा दाखला हातात पडला. दुसऱ्या दिवशी, मुदत संपायच्या आत, आम्ही पुण्यात, तिसऱ्या दिवशी तन्वी कॉलेजात. वसतिगृहाच्या फाटकाशी मी रडलो. बायको डबा भरता भरता आदल्या दिवशीच रडून मोकळी झाली होती.

परत आल्यावर बाजारात मी ही गोष्ट सांगितली. कौतुकाने सांगितली, यावर माझा विश्वास ठेवा. केस कापायला बसलो होतो, तिथे सांगितली. सहासष्ट वर्षांची बाई, असल्या पावसात, कशी आली, कशी बसून राहिली. मी सगळा जोर दुसऱ्या अर्ध्यावर दिला. पण बाजार पहिलं अर्धंच ऐकतो. आत्याकडून कागद हरवला.

आठ दिवसांत लोक वर जाऊ लागले. तोंडावर कुणी काही बोललं नाही, माणसं चांगली आहेत आमच्याकडची. "आत्या, पासपोर्ट काढायचाय." "आत्या, सासऱ्यांनी बँकेत लॉकर घेतलाय." "आत्या, आता सगळं मोबाईलमध्ये असतं गो." आत्या प्रत्येकाची फाईल काढायची, उघडून मोजायची, वहीत सही घ्यायची आणि "बरं केलंत" म्हणायची.

गणपतीनंतरची गोष्ट. पोलादपूरची एक बाई कुकरची तक्रार घेऊन दुकानात आली. शिट्टी होत नाही म्हणे. मी गॅरंटीचं कार्ड शोधायला गल्ल्याखालचा ड्रॉवर उघडला. तिथे आम्ही कुकरची कार्डं रबर लावून ठेवतो. रबर काढलं, आणि पाच लिटरच्या कुकरच्या दोन कार्डांच्या मधोमध तन्वीची एल.सी. निघाली. मूळ. कोरडी. एक सुरकुती नाही.

सगळं आठवलं. जूनमधली ती सकाळ, वसतिगृहाच्या अर्जासाठी झेरॉक्स काढून आणली होती, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं होतं. बाई काऊंटरपलीकडून विचारत होती, "सापडलं का वो?" मी म्हणालो, "नाही." ड्रॉवर बंद केला आणि तिला कार्डाशिवाय नवी शिट्टी दिली.

आता तुम्ही विचाराल, त्याच संध्याकाळी वर का गेलो नाही. मीही विचारतो. आधी वाटलं, उद्या जाऊ. मग पाऊस होता. मग वाटलं, तन्वीचं सगळं सुरळीत झालंय, आता उकरून काय होणार. मग वाटलं, फोनवर सांगण्यासारखं हे नाही. माणूस स्वतःला किती सवलती देतो, याची यादी लिहायला बसलो तर रजिस्टर लागेल.

दरम्यान तन्वी दर रविवारी फोनवर आत्याची चौकशी करायची. "आत्याला सांगा, आमची पहिली सहल दगड बघायला वरंध घाटातच येणारे. मी सगळ्या वर्गाला तिच्याकडे चहाला नेणार." मी हा निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडला. स्वतः गेलो नाही.

दसऱ्याला गेलो. आपट्याची पानं घेतली आणि शर्टाच्या आतल्या खिशात एल.सी. घातली. ठरवलं होतं, सोनं हातावर ठेवायचं आणि त्यावर हा कागद ठेवायचा. वाटेत वाक्यही पाठ केलं होतं.

पडवीत बाक रिकामा होता. आत भावाची सून भेटली, चूल सारवत होती. हळू आवाजात म्हणाली, "बघा ना, आत्यांचं काय झालंय. भाजीत मीठ टाकलं का, ते तीन-तीनदा विचारतात. दाराला कडी लावून परत बघायला जातात. आधी असं नव्हतं."

"कधीपासून?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तो दाखला गेला ना, तेव्हापासनं."

आत्या माळ्याखाली बसली होती. शेवटच्या चार फायली समोर होत्या. त्या घरांनाही तिनेच निरोप पाठवला होता, येऊन घेऊन जा म्हणून. मी पानं दिली. तिने ती डोक्याला लावली.

"तुझी पोर बसली ना वर्गात?"

"बसली. पहिल्या बाकावर बसते म्हणे."

"बस झालं मग." तिने एक फाईल उघडली, कागद मोजले, बंद केली, पुन्हा उघडली. "डोकं फुटकं झालं रे माझं. कळलंच नाय कधी झालं ते. आता दुसऱ्याच्या पोराचं काय माझ्या हातात ठेवू नये. तुझ्या पोरीचं वर्ष गेलं असतं."

"आत्या," मी म्हणालो.

तिने वर बघितलं. चष्मा कपाळावर होता आणि ती तो नाकावर शोधत होती. ती हे नेहमीच करायची. पण त्या दिवशी चष्मा सापडल्यावर ती घाबरून हसली आणि म्हणाली, "बघितलंस?"

"आत्या, चष्मा तर तू नेहमीच..." मी म्हणालो आणि थांबलो.

"चहा घे," ती म्हणाली.

मी चहा घेतला. गवती चहा घातलेला, नेहमीचा. साखर दोनदा पडली होती. तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो आणि खिशातला कागद खिशात घेऊन खाली उतरलो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मार्गशीर्षातल्या एका दुपारी आत्या जेवून जराशी आडवी झाली, ती उठलीच नाही. सून तिला चहाला उठवायला गेली होती.

महाड, पोलादपूर, नाते, सगळीकडून माणसं आली. ज्यांनी फायली नेल्या होत्या ते सगळे आले. तिने ज्यांना शिकायला पाठवलं ती पोरंही आली. कुणी नर्स, कुणी तलाठी, एक कुठल्याशा बंदरावर इंजिनिअर. तन्वीची परीक्षा होती, मी तिला येऊ नको म्हणालो. पोरं पडवीत त्या बाकावर बसली होती, आणि एकजण दुसऱ्याला सांगत होता, "शेवटी शेवटी विसरायला लागली होती म्हणे आत्या. कुणाचा तरी दाखला हरवला तिच्याकडून." दुसरा म्हणाला, "वय झालं रे." मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. भिंतीवर डोळे लावून.

दहाव्याला मी पुन्हा वर गेलो. सुनेने माळा दाखवला. पुसून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवला होता. वहीचं काय करू, तिने विचारलं. मी म्हणालो, ठेवा. ती म्हणाली, "कशाला?" मी चपला घातल्या.

घरी आलो तेव्हा बायको दुपारची भांडी लावत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. ड्रॉवर, कुकरची कार्डं, दसऱ्याचा चहा, सगळं. पाठ केलेलं वाक्य सुद्धा सांगितलं, जे आत्याला सांगायचं राहिलं होतं. ती एकेक ताट फळीवर उभं करत राहिली. मला वाटलं ती आता ओरडेल, निदान रडेल तरी.

शेवटचं ताट लावून तिने हात पदराला पुसले.

"गणपतीच्या आधी दुकान झाडलं तेव्हा मी बघितला तो दाखला," ती म्हणाली. "तसाच ठेवला तिथे. म्हटलं, तुम्हाला सापडेल, तुम्ही जाऊन सांगाल. तुमच्या तोंडून गेलेलं बरं. मग तुम्ही सांगत नव्हता, म्हणून मीही नाही सांगितलं."

तिने फळीवरचं एक तिरकं ताट सरळ केलं.

"ती म्हातारी झाली नव्हती हो," ती म्हणाली. "आपण दोघांनी मिळून तिला म्हातारी केली."